गाडीवेड्यांचे नेहमी येणारे प्रश्न: पहाटेच्या ड्राइव्हपासून रॅलीच्या स्टेजपर्यंत

दर रविवारच्या ड्राइव्हनंतर मेसेज येतात आणि त्यातले अर्ध्याहून जास्त प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाच सगळं एका जागी लिहून ठेवतोय. सोपे आधी, अवघड नंतर. एका उत्तरात दुसऱ्याचा विषय आला की तिथे नंबर दिलाय, तिकडे जाऊन वाचा. मी पुण्यात राहतो त्यामुळे उदाहरणं इकडची जास्त आहेत.

१. दादा, हे ब्रेकफास्ट ड्राइव्ह म्हणजे नक्की काय असतं? रेस असते का?

रेस अजिबात नसते. रविवारी पहाटे साडेपाच-सहाला एखाद्या पेट्रोल पंपावर दहा-पंधरा गाड्या जमतात, टायरची हवा बघून होते, रस्ता ठरतो आणि मग एकामागोमाग निघायचं, कुठेतरी मिसळ नाहीतर पोहे खायचे, बॉनेट उघडून एकमेकांच्या गाड्या बघायच्या आणि दहापर्यंत घरी. अमेरिकेत शनिवारी रात्री गावातल्या मोठ्या रस्त्यावरून हळूहळू गाड्या फिरवतात त्याला क्रूझ नाइट म्हणतात, आपल्याकडे तेच पहाटे होतं कारण रात्री रस्ता ट्रकचा असतो आणि दिवसा सगळ्यांचाच. पुण्याची पोरं मुळशी, ताम्हिणी, पानशेतकडे जातात, मुंबईची जुन्या हायवेने खोपोली-लोणावळा, नाशिकची इगतपुरी-त्र्यंबककडे, कोल्हापूरची गगनबावडा नाहीतर आंबोली.

खरी मजा थांबल्यावर असते. चहाच्या टपरीवर उभं राहून कोणीतरी सांगतं की माझ्या गाडीचा डावीकडून असा आवाज येतोय, आणि पाच माणसं खाली वाकून लिंक रॉड हलवून बघायला लागतात.

२. माझ्याकडे साधी वॅगनआर आहे, स्पोर्ट्स कार नाही. आलो तर चालेल का?

या, नक्की या. आमच्याकडे आजवर सगळ्यात जास्त गर्दी जमली ती एका मरून पद्मिनीभोवती. बाजूला दीडशे हॉर्सपॉवरची नवी कोरी सेडान उभी होती, तिच्याकडे कोणी बघेना. पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००, मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनायची, आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली तेव्हा आमच्यातल्या कित्येकांना घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. गाडी किती महाग आहे याला इथे किंमत नाही, तुम्हाला ती किती माहीत आहे हे लोक बघतात.

३. ग्रुपमध्ये चालवताना काय नियम पाळायचे?

पुढे एक अनुभवी गाडी, शेवटी एक, आणि मधल्यांनी एकमेकांना ओव्हरटेक करायचं नाही. दोन गाड्यांमध्ये एवढं अंतर ठेवा की एसटी किंवा दुधाचा टेम्पो मध्ये येऊ शकेल, कारण तो येणारच आणि रस्ता त्याचाही आहे. हझार्ड लाइट लावून चालवू नका, मागच्याला तुमचा इंडिकेटर कळत नाही. वळणावर फोटोला थांबायचं नाही. आणि गाव लागलं की ३० च्या खाली, हॉर्न नाही, म्युझिक बंद. सकाळी सहा वाजता त्या गावातली पोरं रस्त्याच्या कडेनं चाललेली असतात, म्हाताऱ्या बायका दूध घालायला चाललेल्या असतात. आपण त्यांच्या दारातून जातोय. हा नियम मोडणाऱ्याला आम्ही दुसऱ्यांदा बोलावत नाही, गाडी कितीही भारी असू दे.

४. घाटात समोरून गाडी आली आणि रस्ता अरुंद असला तर कोणी थांबायचं?

खाली उतरणाऱ्याने. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा कायद्यातला नियम आहे आणि त्याला साधं कारण आहे, चढावर थांबलेली भरलेली गाडी परत हलवणं अवघड असतं. उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल तर कधीच नको. पावसाळ्यात ताम्हिणी आणि वरंधा दोन्हीकडे दरड येते आणि प्रशासन घाट बंद ठेवतं, तेव्हा निघायच्या आधल्या रात्री बातमी बघा आणि बंद असेल तर कडेने घुसायचा प्रयत्न करू नका.

५. पहिला मॉड, म्हणजे गाडीतला बदल, कोणता करू? बजेट वीस-पंचवीस हजार आहे.

ब्रेक आणि टायर. माझं उत्तर दर वेळी हेच असतं आणि लोकांना ते आवडत नाही, पण कारण सांगतो. माझी पहिली गाडी सेकंडहँड पॅलिओ १.६, साधारण १०० हॉर्सपॉवर, त्या काळात एवढ्याशा गाडीत हे खूप होतं. चार माणसं, सामान, वरंधा घाट उतरत होतो आणि अर्ध्या घाटात पेडल स्पंजसारखं खाली जायला लागलं. हँडब्रेक आणि पहिला गिअर यावर गाडी कशीबशी कडेला घेतली. सर्व्हिसिंग नुकतंच झालेलं होतं, पण ज्या गॅरेजने केलं त्यांनी ब्रेक ऑइल बदललं नव्हतं, नुसतं वरून भरलं होतं आणि बिलात मात्र बदललं म्हणून लिहिलं होतं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ चा उकळबिंदू नवीन असताना कमीत कमी २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर तोच १५५ पर्यंत खाली येऊ शकतो, डॉट ३ चा तर २०५ वरून १४०. घाटात सतत ब्रेक दाबला की ऑइल उकळतं, वाफ होते, वाफ दाबली जाते आणि ब्रेक लागतच नाहीत. म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण ऑइल बदलायचं आणि समोर उभं राहून बदलून घ्यायचं. चांगले पॅड, नवीन ऑइल, चार चांगले टायर आणि व्हील अलाइनमेंट. वीस-पंचवीस हजारात सगळं नाही बसणार, मग आधी ऑइल आणि पॅड करा, टायर पुढच्या महिन्यात. पॉवर त्यानंतर, आणि त्याबद्दल प्रश्न ७.

६. टायर मोठे टाकायचेत. किती मोठे चालतात?

चाकाचा एकूण व्यास मूळपेक्षा ३ टक्क्यांहून जास्त बदलू नये. हिशोब सोपा आहे, करून दाखवतो. १८५/६० आर १५ म्हणजे टायरची भिंत १८५ च्या ६० टक्के, १११ मिलीमीटर, ती वर आणि खाली दोन वेळा, अधिक रिमचे १५ इंच म्हणजे ३८१, एकूण ६०३ मिलीमीटर. त्याजागी १९५/५५ आर १६ टाकला तर सुमारे ६२१, म्हणजे जवळपास ३ टक्के, अगदी काठावर. २०५/५० आर १६ साधारण ६११ येतो, हा नीट बसतो. व्यास वाढला की स्पीडोमीटर कमी दाखवतो, म्हणजे काट्यावर १०० आणि खरा वेग १०३, शिवाय पिकअप जातं. सगळ्यात सुरक्षित म्हणजे तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनी जो साइज देते तो.

टायरवरचं शेवटचं अक्षरही वाचा. एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१० किलोमीटर ताशी. अक्षर आणि लोड इंडेक्स मूळपेक्षा खाली घ्यायचा नाही. समृद्धीवर जाणार असाल तर हे दुप्पट महत्त्वाचं, ७०१ किलोमीटरचा सरळ सिमेंटचा रस्ता, कारला १२० ची मर्यादा, उन्हाळ्यात तासन् तास एकच वेग, टायर तापतो आणि कमी हवेचा टायर सगळ्यात जास्त तापतो. हवा थंड टायरमध्ये भरायची, आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो.

७. रेमॅप म्हणजे काय आणि करावं का?

इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो की किती इंधन, कधी स्पार्क, टर्बोचा किती दाब. कंपनीने ते आकडे खराब पेट्रोल, ४५ अंशाचा उन्हाळा, प्रदूषणाचे नियम आणि कधीच सर्व्हिसिंग न करणारा गिऱ्हाईक हे सगळं धरून ठेवलेले असतात. रेमॅप म्हणजे ते आकडे बदलणं. टर्बो गाडीला फरक पहिल्या दहा मीटरमध्ये कळतो कारण दाब वाढवता येतो. टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल गाडीला रेमॅपवर पैसे घालू नका, तीन-चार हॉर्सपॉवरसाठी एवढा खर्च परवडत नाही.

आता जे कोणी आधी सांगत नाही ते. कंपनीने दिलेली ती मोकळी जागा इंजिनपुरती नसते, क्लच आणि गिअरबॉक्सलाही असते. फोक्सवॅगन-स्कोडाची सात गिअरची ड्राय क्लच डीएसजी (त्यांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), कोड डीक्यू२००, तिची टॉर्कची, म्हणजे फिरवण्याच्या जोराची, मर्यादा २५० न्यूटन मीटर. हाच गिअरबॉक्स असलेली १.२ टीएसआय पोलो जीटी मुळात १७५ ची, तिला वर वाव आहे. पण १.५ टीएसआय मुळातच २५० देतं, म्हणजे गिअरबॉक्स पहिल्या दिवसापासून काठावर आहे आणि त्यावर स्टेज १ (रेमॅपची पहिली पायरी) टाकलं की तुम्ही रोज क्लच खाताय. चालत नाही असं नाही, अनेकांच्या चालतायत, पण पुढे मेकाट्रॉनिक (गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट) आणि क्लचच्या बिलाची तयारी ठेवून करा.

आणि ट्यूनर निवडताना एकच प्रश्न विचारा, माझ्या गाडीचे लॉग, म्हणजे चालत्या इंजिनच्या आकड्यांची नोंद, घेणार का? आमच्यातल्या एकाने स्वस्तात मिळालं म्हणून केलं, तिथे वीस मिनिटांत लॅपटॉप लावून तयार फाइल टाकली, आधी नाही नंतर नाही, एकही लॉग नाही. पुढच्या रविवारी चढावर इंजिन नॉक व्हायला लागलं, म्हणजे आत इंधन अवेळी पेटून खडखडायला लागलं. ज्याने लॉग घेतले, डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) आधीचा आणि नंतरचा आलेख दिला आणि मूळ फाइल परत टाकून द्यायची लेखी हमी दिली, त्याच्याकडे जा, दहा हजार जास्त गेले तरी चालतील.

८. रेमॅप केलेलं सर्व्हिस सेंटरला कळतं का? मूळ फाइल परत टाकली तर?

कळतं. कॉम्प्युटरमध्ये कितीदा लिहिलं गेलं याची मोजणी राहते, फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांमध्ये तर टीडी१ नावाची खूण गाडीच्या नोंदीला लागते आणि मग इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी गेली समजा. मूळ फाइल टाकून फसवायचा प्रयत्न करू नका. वॉरंटी हवी असेल तर ती संपेपर्यंत थांबा, तोवर प्रश्न ५ मधली कामं करा.

९. फ्री फ्लो एक्झॉस्ट आणि कॅट काढणं, लोक सर्रास करतात, करू का?

कॅट म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, तो काढू नका. एप्रिल २०२० पासून बीएस ६ गाड्यांमध्ये कॅटच्या पुढेमागे सेन्सर असतात, काढलात की दिवा लागतो, मग तो दिवा बंद करायला परत रेमॅप, आणि एवढं करून शहरात गाडीमागे उभा राहणारा माणूस तुमचा धूर खातो. डिझेलचा डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, काढणं त्याहून वाईट. हवा आणि आवाजाच्या नियमाविरुद्ध गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, शिवाय ३ महिने लायसन्स जातं.

आवाज आवडतो हे मी समजू शकतो, मलाही सहा सिलिंडरचा आवाज ऐकला की अंगावर काटा येतो. पण चार सिलिंडरच्या गाडीला मोठा डबा लावून पहाटे सोसायटीतून बाहेर काढली की त्या दिवशी आख्ख्या सोसायटीचं आपल्या छंदाबद्दलचं मत ठरतं.

१०. नक्की कोणते मॉड कायदेशीर आहेत? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

मूळ नियम कलम ५२ चा. आरसी बुकातली जी माहिती कंपनीने मुळात ठरवली आहे तिच्यापेक्षा वेगळी होईल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं, त्यात परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड. प्रत्येक बदलामागे, हे नीट वाचा.

म्हणजे व्यवहारात काय? बॉडी कापणं, चॅसिस बदलणं, छप्पर काढणं, आरटीओच्या मंजुरीशिवाय इंजिन बदलणं, हे चालतच नाही. सीएनजी किट चालतं पण मान्यताप्राप्त हवं, आरसीवर नोंद हवी आणि सिलिंडरची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट. अपंग व्यक्तीसाठी हाताने चालवायची गाडी करून घेता येते, त्याचीही नोंद होते. चांगले पॅड, त्याच साइजचे चांगले टायर, सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम याला कोणी अडवत नाही. मधला भाग धूसर आहे, सस्पेन्शन थोडं खाली, हवेचा फिल्टर, रेमॅप, आणि तिथे रस्त्यावरचा अधिकारी काय म्हणेल हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून मी स्वतः तेवढेच बदल करतो जे एका दिवसात परत काढता येतात.

११. काळी फिल्म, रंग बदलणं, फॅन्सी नंबर प्लेट, बुल बार, एलईडी?

एकेक पटकन. काच: पुढची आणि मागची ७० टक्के, बाजूच्या ५० टक्के प्रकाश आत सोडणाऱ्या हव्यात, दुकानदार काहीही सांगो. रंग: आरसीवर रंग लिहिलेला असतो, पूर्ण बदलणार असाल तर आधी आरटीओत अर्ज. नंबर प्लेट: हाय सिक्युरिटीच, दादा-भाऊ-बाबा दिसणारे आकडे नाहीत. बुल बार, म्हणजे पुढे लावतात तो लोखंडी गार्ड: डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितलं, आणि खरं कारण म्हणजे धडक झाल्यावर एअरबॅगच्या सेन्सरला ती नीट कळत नाही आणि समोरच्या पायी माणसाला लोखंड लागतं. लाइट: हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब टाकला की प्रकाश रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. प्रकाश कमी वाटत असेल तर आधी पिवळी पडलेली काच घासून घ्या, वायरिंगमध्ये रिले टाका, बहुतेक वेळा तेवढ्यात काम होतं.

१२. मॉड केलेल्या गाडीचा क्लेम मिळतो का? आणि रॅलीत गेलो तर?

इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवलेलं नसेल तर क्लेम अडकू शकतो, अगदी अलॉय आणि म्युझिक सिस्टीमसुद्धा कळवून घ्यावी, थोडा प्रीमियम वाढतो.

दुसरा भाग लोकांना माहीतच नसतो. तुमची पॉलिसी काढा आणि वापराच्या मर्यादा वाचा, तिथे लिहिलेलं असतं की संघटित रेसिंग, वेग चाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल यासाठी गाडी वापरली तर कव्हर नाही. म्हणजे ट्रॅक डे आणि ड्रॅग सोडाच, टीएसडी रॅलीसुद्धा (प्रश्न १५) यात ओढली जाऊ शकते. त्यासाठी आयएमटी ३१ नावाची जोड आहे, रिलायबिलिटी ट्रायल आणि रॅलीसाठी, त्या इव्हेंटपुरती घेता येते. एजंटला नंबर सांगून विचारा, नुसतं रॅली म्हणालात तर त्याला मिरवणूक वाटेल. मित्रांबरोबरच्या रविवारच्या ड्राइव्हला हे लागू होत नाही, तो साधा वापरच आहे.

१३. ई२० मुळे, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमुळे, इंजिन खराब होतं का? ९५ किंवा १०० ऑक्टेन टाकू का?

इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणजे २० टक्के मिसळलं की हिशोबाने सहा-सात टक्के ऊर्जा कमी. गाडीगणिक ॲव्हरेजमधला फरक कमी-जास्त दिसेल. ई२० साठी बनवलेल्या नव्या गाडीला धोका नाही. जुन्या गाड्यांत, विशेषतः कार्ब्युरेटरवाल्या, रबरी होज, पंपाचा डायफ्रॅम आणि गॅस्केट बघत राहा आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर टाकी तशीच सोडू नका, इथेनॉल पाणी धरतं. माझ्या ओळखीतल्या पद्मिनीवाल्याने सगळे होज इथेनॉल चालणारे टाकून घेतले, खर्च फार आला नाही.

जास्त ऑक्टेनने आपोआप पॉवर येत नाही. ते नॉक थांबवतं. तुमची गाडी त्यासाठी मॅप केलेली असेल किंवा टर्बो असून उन्हाळ्यात नॉकमुळे टायमिंग मागे घेत असेल तरच फरक. साध्या गाडीत ते पैसे वाया जातात.

१४. रात्री दोनला रिकामा रस्ता असतो, एक-दोन पुल मारले, म्हणजे फुल रेस देऊन गाडी पळवली, तर काय होतं? समृद्धीवर टॉप स्पीड बघू का?

नका. परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी म्हणजे कलम १८९, पहिल्यांदा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. पण दंडाचं सोडा. रात्री दोनचा रस्ता रिकामा नसतो, बिनदिव्याचा ट्रॅक्टर असतो, डिव्हायडर ओलांडणारा शिफ्टचा कामगार असतो, गाय असते. तो रिकामा *दिसतो*, कारण तुमचे दिवे साठ-सत्तर मीटरच दाखवतात.

वेग हवाय ना, त्याला जागा आहे. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन झालेली आहे, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, इलेक्ट्रॉनिक टायमिंग, आधी गाडीची तपासणी, ॲम्ब्युलन्स. सर्किट हवं तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, कोइंबतूरचं कारी, ग्रेटर नोएडाचं बुद्ध, ५.१२५ किलोमीटरचं. पुण्याला एआरएआय १९६६ पासून आहे, चाकण-रांजणगावला एवढे कारखाने, आणि तरी हौशी माणसाला रविवारी फी भरून गाडी पळवता येईल असं मोठं कायमचं सर्किट महाराष्ट्रात वर्षानुवर्षं नव्हतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पोरं रस्त्यावर पळवतात याचं एक कारण हेही आहे.

१५. टीएसडी रॅली म्हणजे काय? वेगात चालवावी लागते का?

उलट. टाइम, स्पीड, डिस्टन्स. आयोजक रोडबुक देतात, त्यात प्रत्येक वळणाचं छोटं चित्र, त्याला ट्यूलिप म्हणतात, आणि कुठल्या टप्प्यात किती सरासरी वेग ठेवायचा ते. समजा १२ किलोमीटर ३६ च्या सरासरीने, म्हणजे बरोबर २० मिनिटं. वाटेत कुठे तपासणी आहे हे तुम्हाला सांगत नाहीत. लवकर पोचलात तरी पेनल्टी, उशीर झाला तरी पेनल्टी, आणि बऱ्याच ठिकाणी लवकरची जास्त.

इथे गाडीला महत्त्व नाही, डाव्या सीटवरच्या माणसाला आहे. स्टॉक गाडी, पेन, घड्याळ, कॅल्क्युलेटर बास. एकच युक्ती सांगतो, सुरुवातीला आयोजकांनी मोजून दिलेला ओडोमीटरचा टप्पा असतो, तिथे आपला काटा किती फरक दाखवतो ते काढा आणि पुढे प्रत्येक अंतराला तो गुणा. टायर बदललेले असतील तर हा फरक मोठा येतो, प्रश्न ६ बघा. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनची, १९१९ ची संस्था, महिलांची रॅली याच प्रकारातली.

१६. मग खरी रॅली, ती जिप्सी उडवतात ती? त्यात कसं जायचं?

ती स्टेज रॅली. रस्ता पूर्ण बंद करून एकेक गाडी सोडतात, सेकंदावर निकाल. राष्ट्रीय मालिका म्हणजे आयएनआरसी, १९८८ पासून, दक्षिणेत जास्त, कोइंबतूर, चेन्नई, चिकमगळूर, कूर्ग. आपल्याकडे नाशिकला रॅली ऑफ महाराष्ट्र भरलेली आहे. त्याच्याही आधी मुंबईच्या नझीर हुसेन यांनी १९८० मध्ये हिमालयन रॅली उभी केली आणि परदेशी ड्रायव्हर आपल्या डोंगरात आणले. गौरव गिलने आशिया-पॅसिफिक मालिका २०१३, २०१६ आणि २०१७ अशी तीनदा जिंकली, २०१९ ला अर्जुन पुरस्कार, मोटरस्पोर्टला तो पहिलाच. पुण्याचे संजय टकले परदेशातल्या जागतिक रॅल्यांमध्ये धावलेत.

जायचं कसं? एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं, कॉम्पिटिशन लायसन्स लागतं. गाडीत रोल केज, हार्नेस, आग विझवायचं उपकरण, अंगावर फायरप्रूफ सूट, मान्यताप्राप्त हेल्मेट आणि मान धरणारं हान्स. खर्च मोठा आहे, म्हणून सुरुवात ऑटोक्रॉसने करा, मोकळ्या मैदानात मातीचा ट्रॅक, एका वेळी एक गाडी. किंवा को-ड्रायव्हर व्हा. पेस नोट्स, म्हणजे पुढच्या वळणांची आधी लिहून ठेवलेली टिपणं, वाचणं, "राइट फोर, हंड्रेड, लेफ्ट टू, डोन्ट कट", ते बरोबर क्षणी बोलणं, हे वेगळंच कौशल्य आहे आणि चांगल्या को-ड्रायव्हरला कायम मागणी असते.

१७. रॅली बघायला जायचंय. कुठे उभं राहायचं?

उंचावर, वळणाच्या आतल्या बाजूला नाही आणि बाहेरच्या बाजूला तर कधीच नाही, गाडी सुटली की बाहेर जाते. टेपच्या मागे. स्टेज सुरू झाल्यावर रस्ता ओलांडायचा नाही, एक गाडी गेली म्हणजे पुढची यायला वेळ आहे असं धरायचं नाही. आणि मार्शल काय सांगतो ते ऐकायचं, तो बहुतेक वेळा पहाटे तीनपासून उन्हात उभा असलेला हौशी माणूस असतो.

सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅलीच्या स्टेजवर मोटरसायकल आली आणि एकाच कुटुंबातले तिघं गेले. तिथे कोणी रॅली बघायला आलेलं नव्हतं, ती त्यांच्या रोजच्या वाटेवरची माणसं होती. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की एखाद्या वर्षी नुसतं बघायला न जाता मार्शल म्हणून नाव द्या. गावातल्या माणसाला त्याच्या भाषेत, अदबीनं, "काका, अर्धा तास थांबा, पलीकडून गाड्या सुटल्यात" असं सांगणारा माणूस त्या जागी असणं यावर खूप काही ठरतं.

१८. प्रोजेक्ट कार म्हणून जुनी गाडी घ्यायची आहे. कुठली? आणि पंधरा वर्षं झालेली चालते का?

पॅलिओ १.६, जुनी सिटी व्हीटेक, एस्टीम, जिप्सी, पहिली स्विफ्ट. डिझेल आवडत असेल तर १.३ मल्टिजेट, हे इंजिन पुण्याजवळ रांजणगावला फियाटकडे बनायचं, मारुती आणि टाटाच्या गाड्यांतही तेच, त्यामुळे पार्ट्स आणि ते जाणणारे फिटर गावोगाव मिळतात. मॉडेलपेक्षा गंज बघा: सिल, फ्लोअर, स्ट्रट टॉवर. इंजिन दुरुस्त होतं, सडलेली बॉडी होत नाही. कोकणातली गाडी असेल तर खाली झोपून बघा.

१० वर्षं डिझेल, १५ वर्षं पेट्रोल हा नियम दिल्ली-एनसीआरचा, आपल्याकडचा नाही. महाराष्ट्रात १५ वर्षांनी आरटीओत तपासणी करून नोंदणी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. म्हणूनच दिल्लीच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. घेताना एनओसी आणि चॅसिस नंबर स्वतः ताडून बघा.

१९. आजोबांची १९६० ची गाडी आहे. ती विंटेज म्हणून नोंदवता येते का?

येते. जुलै २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मोठे बदल न केलेली गाडी चालते. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी, नंतर ५,००० ला पुन्हा. पण अडचण ही की मग ती रोज चालवता येत नाही, प्रदर्शन, विंटेज रॅली, देखभाल, इंधन भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर. आजोबांच्या गाडीतून रोज भाजी आणायची असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा.

२०. थार घेतली आहे. बीचवर किंवा जंगलात नेऊ का?

बीचवर नाही. पोलीस गुन्हे दाखल करतात, भरतीत अडकलेल्या एसयूव्हीचे व्हिडिओ दर सुट्टीत अलिबागकडून येतात, खारं पाणी चॅसिस खातं. पण माझ्यासाठी कारण वेगळं आहे. वेळास, आंजर्ले, हरिहरेश्वर इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात, आणि वरून चाक गेलं तर आतलं घरटं दिसतही नाही. कासच्या पठारावरही तेच, वरची माती काही इंचांची आहे. जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही. ऑफरोड शिकायचं तर मालकाची परवानगी असलेल्या खासगी जमिनीवर, दोन गाड्या, रिकव्हरी पट्टा आणि शॅकल घेऊन जा.

२१. मी मुलगी आहे, एकटीच गाडी घेऊन आले तर विचित्र वाटेल का?

वाटू नये याची जबाबदारी आमची आहे, तुमची नाही. आमच्या ड्राइव्हला चार-पाच जणी नेहमी असतात आणि दोघी तर सगळ्यांच्या गाड्यांचं अलाइनमेंट बोलून दाखवतात. पहिल्यांदा येताना मैत्रीण किंवा भाऊ बरोबर आणला तरी चालेल. कोणी आगाऊपणा केला तर लगेच सांगा, तो पुढच्या वेळी नसेल.

२२. मी जर्मनीत शिकतोय, नुर्बुर्गरिंगवर साधी भाड्याची कार नेऊ का?

नको. नॉर्डश्लाइफ २०.८ किलोमीटरचा, टोल भरून कोणीही जाऊ शकतो, पण नेहमीच्या भाड्याच्या कंपन्यांच्या करारात तिथे न्यायला बंदी असते, आणि रेलिंगला धडकलात तर रेलिंगचं बिलसुद्धा तुमच्या नावावर येतं. तिथेच खास रिंगसाठी गाड्या भाड्याने मिळतात, त्या घ्या आणि पहिल्या फेरीत उजवीकडून चालवून मागच्यांना पुढे जाऊ द्या.

२३. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, रॅली ड्रायव्हर व्हायचं म्हणतो. काय करू?

त्याला रस्त्यावर गाडी देऊ नका, सोसायटीच्या पार्किंगमध्येसुद्धा नाही. कार्टिंग ट्रॅकवर न्या, तिथे ब्रेक कुठे मारायचा आणि नजर कुठे ठेवायची हे लवकर कळतं. आणि त्याला टीएसडीत डाव्या सीटवर बसवायचं असेल तर आयोजकांना वयाची अट आधी विचारा. माझ्या भाच्याला मी असंच शिकवलं, आधी घरापासून आजोळपर्यंत स्वतःचं रोडबुक बनवायला लावलं, प्रत्येक वळणाचं चित्र आणि ओडोमीटरचा आकडा त्यानेच लिहायचा. पहिल्या वेळी सासवडच्या पुढे आम्ही चुकलो. दुसऱ्या वेळी त्याने एकही वळण चुकवलं नाही, आणि जेजुरीला चहा प्यायला थांबलो तेव्हा वही मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हता.